शेवटी येणाऱ्याचा हक्क

इनारी सरोवराच्या काठावर वुओक्को आपली कयाक वाळूत ओढत होती, तेव्हा मागून आवाज आला, "काडेपेटी आहे का? माझी भिजली."

तिने दिली. काडेपेटी काही परत आली नाही, आणि मागणारा इल्क्काही गेला नाही... तीन दिवस दोन कयाक शेजारी-शेजारी चालल्या, या बेटावरून त्या बेटावर. तो बोलायचा कमी, पण कॉफी उकळली की पहिला पेला तिलाच. वुओक्को आतल्या आत विरघळत होती. तोंडातून मात्र एक अक्षर नाही!

चौथ्या दिवशी दुपारी पावसाने गाठलं. किनाऱ्यावरच्या लाकडी खोपीत आधी वुओक्को पोचली, मागोमाग इल्क्का. निजायच्या फळ्या दोनच. तिने चूल पेटवली, मोजे वाळत घातले, आणि आज मनातलं सांगायचंच असं ठरवलं. तेवढ्यात दार ढकलून तिसरीच एक आत आली. निथळती, हसरी, आणि देखणीसुद्धा!

"अरे इल्क्का! तू जिवंत आहेस होय?"

ही सानेल्मा, त्याची वल्हवण्यातली जुनी मैत्रीण. दोघं कोपऱ्यात कुजबुजू लागली, खिदळू लागली. वुओक्कोच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यात रानातल्या खोपीचा रिवाज! शेवटी येणाऱ्याचा हक्क पहिला; जो सगळ्यांत आधी आला त्याने ऊब घेतलेली असते, म्हणून त्याने उठायचं. म्हणजे वुओक्को बाहेर तंबूत, आणि ही दोघं आत.

"मी निघते," ती म्हणाली.

"अगं, बस ना. मावू की तिघं," सानेल्मा म्हणाली.

"रिवाज म्हणजे रिवाज."

बाहेर तंबूचे खुंटे ठोकताना आतून पुन्हा हसणं ऐकू आलं. बस्स! तिने कयाक पाण्यात लोटली, समोरच्या बेटाला तावातावाने वळसा घातला आणि ओलीचिंब होऊन दारात उभी राहिली.

"आता सगळ्यांत शेवटी मी आले!"

इल्क्काने तिच्याकडे पाहिलं... पथारी गुंडाळली आणि बाहेर गेला.

वुओक्को मघाशी गेल्यावर उरलेल्यांत आधी आलेला तोच होता! हेव्याच्या भरात एवढं साधं गणित चुकलं. सानेल्मा पोट धरून हसली.

"वा गं शहाणे! त्याला हाकललंस, आणि मला ठेवलंस?"

"हसू नकोस. तो तुझाच आहे ना?"

"माझा? मी त्याला मघाशी विचारलं, चार दिवसांत एवढंच अंतर? असा गोगलगाईसारखा का वल्हवतोयस? तर तुझ्याकडे बघून लाल झाला नुसता. जा आता!"

इल्क्का तिच्याच अर्धवट तंबूचे खुंटे ठोकत होता. डोक्यावर पाऊस, भोवती डास.

"इल्क्का, मला तिचा हेवा वाटला. फार वाटला. तू... तू मला आवडतोस. झालं, बोलले!"

त्याचा हात थांबला. "मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

"वेडा आहेस?"

"तुझ्यापायी... हो." त्याने तिची गार बोटं हातात घेतली. "किती भिजलीस! सानेल्माकडे कोरडे कपडे आहेत, मागतो."

"तिचे? मेले तरी घालणार नाही!"

तिने त्याच्याच स्वेटरची बाही ओढली. त्याने तो काढून दिला.