एवारिस्तोची पेटी

त्या सकाळी मी चर्चमधून शवपेटी आणायला गेले होते. अगं, दचकतेस काय? सांता मार्ताच्या सणाला आमच्याकडे शवपेटी मागणं म्हणजे लग्नाला शेजारून पातेली मागण्यासारखं. मरता मरता वाचलेलं माणूस त्या दिवशी उघड्या पेटीत निजतं. घरची माणसं त्याला खांद्यावर घेऊन चर्चला फेरी घालतात आणि फेरी संपली की ते आपल्या पायांनी उठून घरी जातं.

माझा नवरा एवारिस्तो त्या हिवाळ्यात समुद्रात पडला होता. बाहेर काढला तेव्हा निळा पडलेला. मी वाळूत गुडघे टेकून नवस बोलले, मार्तामाय, एवढा माझा माणूस परत दे, पेटीत घालून तुझ्या दारी आणीन. तिनं दिला. पण हा पठ्ठ्या ऐन सणाला अडून बसला. लोक हसतील म्हणे. "नवस तू बोललीस, तूच नीज पेटीत. मी गुत्त्यावर आहे. पुरून झालं की हाक मार," असं म्हणाला आणि टोपी चढवून चालता झाला.

माझा जीव खालीवर. नवस फेडला नाही तर दिलेला माणूस ती परत नेणार, दुसरं काय? शेवटी मी, माझा दीर एलादियो आणि त्याचे दोन मुलगे, आम्ही रिकामीच पेटी उचलली. रिकामी पेटी नेत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण अजिबात न नेण्यापेक्षा बरं, असं मला वाटलं.

भर दुपार होती. मेणबत्त्या पेटवण्याआधीच उन्हानं वाकत होत्या. हंड्यांतून शिजत्या ऑक्टोपसची वाफ येत होती, निलगिरीचा वास येत होता, आणि ढोल कुठेतरी लांब, पाण्याखाली वाजल्यासारखा. पेटी हलकी होती. चर्चच्या मागच्या बाजूला वळलो आणि खांदा दबायला लागला. हळूहळू... कुणी अंगावर झोपी जावं तसा. एलादियोनं दुसरा हातही पेटीला लावला. मीही लावला. खांदेकऱ्यानं मागे वळून बघायचं नसतं.

गर्दीतून आमची शेजारीण एर्मिनिया म्हणाली, एवारिस्तो बघा कसा शांत निजलाय, घरी असा असता तर या बाल्बिनाचं सोनं झालं असतं. बायका खुसखुसल्या. मी चर्चच्या दाराकडे डोळे लावून पावलं उचलत राहिले.

दारापाशी पेटी टेकवली. एवारिस्तो उठून बसला.

मला रडूच फुटलं. लाजत लाजत गपचूप येऊन निजला असेल, असं मीच मला समजावलं. कसा आला, केव्हा आला, विचारलं नाही. हात गार होता त्याचा. घरी आणला, चुलीपाशी बसवला, सूप वाढलं. तो माझ्याकडे बघून गोड हसत राहिला... जेवला नाही.

तेवढ्यात दार वाजलं.

"बाल्बिना, उघड गं. पुरलंस की नाही मला अजून?" आवाज त्याचाच, दारूनं जड झालेला.

चुलीपाशी बसलेला हळूच म्हणाला, "नको उघडूस..."

मी उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. रस्ता उन्हात मोकळा पडलेला, उंबऱ्यावर फक्त दारूचा वास. संध्याकाळी गुत्तेवाल्याला विचारलं, तर म्हणे तो आज इकडे फिरकलाच नाही, पेटीत होता की, मी पाहिला ना.

तेव्हापासून हा माझ्याजवळ आहे. शिवी नाही, दारू नाही. गाव माझा हेवा करतं. आणि मी वेडी त्या शिव्यांसाठी झुरते. दर वर्षी सणाच्या दुपारी दार वाजतं, मी धावत जाऊन उघडते, आणि रस्ता मोकळाच असतो.

चुलीपाशी बसतो त्याचा इतक्या वर्षांत एक केस पिकलेला नाही. बायकोच्या हातचा गुण, असं एर्मिनिया म्हणते. दाराबाहेरचा मात्र म्हातारा होत चाललाय गं. आवाज कापतो त्याचा.

यंदा मी सकाळपासून दार सताड उघडं ठेवलं होतं. तरी ते वाजलं, उंबऱ्यावर कुणी नाही. बराच वेळ नुसता खोकत होता, थट्टा नाही की काही नाही. मग म्हणाला, "बाल्बिना, उघड ना... दमलो मी."