ठिपक्याची जन्मतारीख

त्या काळात कर्करोग कुठे पोचलाय एवढं कळून लोकांचं समाधान होत नसे. तो तिथे कधी पोचला, हेही हवं असे. त्यासाठी कालचित्र काढत. शिरेतून किरणोत्सारी औषध द्यायचं. पसरलेल्या पेशी ते शोषून घेतात आणि कॅमेऱ्यात ठिपक्यांसारख्या चमकतात. महिन्याने पुन्हा तसंच चित्र. मधली वाढ मोजून काळ उलटा फिरवला, की ठिपक्याची जन्मतारीख मिळे. कोर्टही ती मानत असे. अट एकच: मधल्या काळात उपचार करायचे नाहीत. उपचारांनी वाढीचा वेग बदलतो आणि तारीख हरवते.

"हरवू दे की तारीख," मिरजेच्या केंद्रातल्या डॉ. कुरणे पहिलं चित्र बघून शर्वरीला म्हणाल्या. "स्तनातली गाठ आणि बरगडीत एक ठिपका. आजच उपचार सुरू करू. घरी तान्हं पिल्लू आहे तुझं."

"त्याच्याच बारशाला मी गाठीचं सांगितलं होतं, बाई. आमचे मामेसासरे मोठे सर्जन. हातही न लावता, घुगऱ्या खाता खाता म्हणाले, 'दुधाची गाठ गं, शेकत जा.' घरचा डॉक्टर सोडून बाहेर कसं दाखवणार? पुन्हा विचारलं तर चारचौघांत हसले. 'सूनबाई मोबाइलवर डॉक्टरकी शिकल्या!'"

"मग?"

"मला त्यांना पिंजऱ्यात उभं करायचंय. महिनाभर थांबते."

"तू थांबशील. रोग थांबणार आहे का?"

"थांबते म्हटलं ना."

महिनाभर ती बाळाला बाटलीने दूध पाजत राहिली, त्याच्या टाळूचा वास घेत राहिली, आणि मनात मामांना उलटसुलट प्रश्न विचारत राहिली.

दुसरं चित्र आलं.

"बरगडीचा ठिपका बारशानंतरचा," डॉ. कुरणे म्हणाल्या. "तेव्हाच तपासणीला पाठवलं असतं, तर हा बहुतेक जन्मलाच नसता."

शर्वरी हसली, कितीतरी दिवसांनी. "आता बघते मामांकडे!"

कुरणेबाई हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर यकृतापाशी बोट ठेवलं. तिथे मोहरीएवढं काहीतरी चमकत होतं.

"हा कधीचा?"

"पहिल्या चित्रात नव्हता."

शर्वरीनं विचारलं, "कोर्टात हाही दाखवावा लागेल?"

"त्यांचा वकीलच दाखवेल. बरगडीचा जाब मामा देतील. याचा कोण देणार?"

"दाखवा," शर्वरी म्हणाली. "पण त्यांना सोडायचं नाही."

काचेपलीकडे नवऱ्याच्या कडेवरून बाळाने तिला पाहिलं आणि दोन्ही हात पसरले. अंगातलं औषध विझेपर्यंत त्याला जवळ घ्यायची तिला मनाई होती.