दलदलीपलीकडची झुळूक

झुळूक जिवंत आहे हे कळलं, तशी आत्याने हातातला चहा खाली ठेवला आणि भिंतीवरचं खोगीर उतरवलं.

डोंगरामागच्या पठारावर, रानटी घोड्यांच्या कळपात एका मेंढपाळाने तिला पाहिलं होतं. तांबूस अंग, मागचा डावा पाय पांढरा. दीड वर्षापूर्वी शर्यतीहून परतताना ट्रक घाटात उलटला, त्या गोंधळात ती पळाली ती पळालीच. आत्याने तिला शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं आणि शेवटच्या सात शर्यती तिच्यावरच जिंकल्या होत्या.

"तिला घेऊनच येणार," आत्या म्हणाली.

"अगं, खुब्यात सळई आहे तुझ्या," मी म्हटलं.

"म्हणूनच घोड्यावरून जातेय. चालत कोण जाणार?"

मी पाहुण्यांना घोड्यावरून रानवाटा दाखवते, त्यामुळे वाटेची जबाबदारी माझी. सोबत आमचे नालबंदकाका. पहिल्याच चढाला त्यांनी खोगीर दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "चाळीस वर्षं घोड्याच्या पायाशी बसलो. पाठीवरून जग भलतंच उंच दिसतं," ते पुटपुटले.

दोन दिवस आम्ही चढत राहिलो. तिसऱ्या सकाळी पठारावर पाऊल टाकलं आणि धुक्याने आम्हाला पोटात घेतलं. माझ्या घोड्याचे, भोपळ्याचे, कानसुद्धा दिसेनात. मांड्यांना जाणवणारी त्याची ऊब, संथ हेलकावे आणि ओल्या गवतातून जाणाऱ्या खुरांची सळसळ, एवढंच जग उरलं होतं. आपण चालतोय की जागच्या जागी तरंगतोय, तेही कळेना. मागून आत्याचा आवाज येत होता, झोपेत बोलल्यासारखा.

"शर्यतीत शेवटच्या वळणानंतर काही ऐकू यायचं नाही बघ. एवढी माणसं ओरडत असायची, पण आत नुसता श्वास. तिचा की माझा, ते कधी समजलंच नाही."

ऐकता ऐकता माझी तंद्री लागली. धुकं क्षणभर विरळ झालं आणि समोर सपाट, हिरवंगार कुरण दिसलं. वाट सोडून मी भोपळ्याला त्यावर घातलं.

जमीन हलली. भोपळ्याचे पुढचे पाय गेले. मग मागचे. क्षणात चिखल त्याच्या पोटाला लागला!

"उतर! आडवी हो!" आत्या ओरडली.

मी अंग झोकून दिलं. चिखल छातीला भिडला. थंडगार. हात पसरून मी गवताचा एक बुंधा पकडला. शेजारी भोपळ्या धडपडत होता, आणि प्रत्येक धडपडीला आणखी खाली जात होता.

काठावर पोटावर पडून आत्या त्याच्याशी बोलू लागली. हळू, एका लयीत, तान्ह्या बाळाशी बोलावं तशी. त्याचे डोळे स्थिरावले. तो शांत झाला. तेवढ्यात काकांनी झुडपं तोडून चिखलावर टाकली, त्यावर आमच्या घोंगड्या अंथरल्या आणि मला ओढून घेतलं. मग ते स्वतः सरपटत पुढे गेले. दोर भोपळ्याच्या छातीमागून फिरवला, दुसरं टोक आत्याच्या घोड्याच्या खोगिराला बांधलं.

"ओढ!" काकांनी आत्याला हाक दिली.

दोर ताणला. काही हललं नाही. पुन्हा ओढला. चिखलाने मोठा चुबुक आवाज केला आणि भोपळ्या घोंगड्यांवर गुडघे टेकत, थरथरत बाहेर आला. मी त्याच्या मानेला मिठी मारून रडले.

दलदलीला वळसा घालेपर्यंत दुपार झाली. धुकं विरत गेलं, आणि उंच पिवळ्या गवतात पाठी दिसू लागल्या. करड्या, काळ्या, बदामी. पाण्यावरून होड्या सरकाव्यात तसे घोडे गवतावरून सरकत होते. त्यांच्यात एक तांबूस पाठ होती.

आत्या उतरली आणि लंगडत पुढे गेली. जिभेने तिने दोनदा टकटक केलं. तांबूस मान वर झाली.

झुळूक आली. थांबत, हुंगत, पण आली. तिने आत्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं. तेव्हा दिसलं, ट्रकमध्ये घातलेली चामड्याची म्होरकी अजून तिच्या तोंडावर होती. आक्रसून नाकाच्या हाडापर्यंत रुतलेली. खाली कातडी सोलवटली होती.

आत्याने तिच्या गळ्यात दोर टाकला. त्याच वेळी गवतातून बारीक खिंकाळणं ऐकू आलं. लांब, वेडेवाकडे पाय टाकत एक शिंगरू पुढे आलं आणि थबकलं. त्याचाही मागचा डावा पाय पांढरा होता.

"दोघांनाही नेऊया," मी म्हटलं.

आत्याने दलदलीकडे पाहिलं. मग शिंगराच्या त्या पायांकडे.

"काका, सुरी द्या."

खूर साफ करायच्या सुरीने तिने चामडं तसूतसूने कापलं. झुळूक हलली नाही. काकांनी जखमेला मलम लावलं. शेवटी आत्याने गळ्यातला दोरही काढला आणि मागे सरली.

कळप निघाला. झुळूक आधी सावकाश चालली, मग धावली, शिंगराला वेळ देत. गवत वाकत गेलं, सरळ होत गेलं.

तीन दिवसांनी तबेल्याच्या फाटकात सगळे वाट पाहत होते. रिकाम्या दोराकडे बघून कोणीतरी चाचरत विचारलं, "सापडली का झुळूक?"

"सापडली," आत्या खोगीर उतरवत म्हणाली. "आई झालीय. आता तिला कामाला लावायचं नाही."