उजवीकडची राखीव जागा

कोल्हापूरच्या स्टँडवर हुपरीची गाडी लागली, की सोनम दाराकडे धावत नसे. ती खिडकीखाली जाऊन टाचा उंचावून आपला निळा रुमाल आत टाकायची. रुमाल पडला त्या बाकावर तिची जागा ठरली. मग गर्दी ओसरली की सावकाश चढायचं. कसबा बावड्याहून रोज हुपरीला कामाला जाणाऱ्या मुलीला एवढी युक्ती यायलाच हवी.

त्या दिवशी ती चढली, तर रुमाल होता. पण रुमालावर एक तरुण बसला होता. चष्मा, खांद्याला पिशवी आणि मांडीवर फ्लॉपीचा छोटा डबा.

“उठा की. जागा धरलीया.”

त्यानं वर पाहिलं. “कुणी?”

“मी. तुम्ही ज्याच्यावर बसलायसा, त्यो माझा रुमाल हाय.”

तो दचकून उठला. रुमाल पार चुरगळला होता. त्यानं तो उचलला, झटकला, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला... देवळातला प्रसाद द्यावा तसा.

“सॉरी हं. दिसलाच न्हाई.”

“एवढा जाड चष्मा लावून?”

शेजारची बाई खुदकन हसली. तो मुकाट्यानं दांडीला धरून उभा राहिला, हुपरीपर्यंत. सोनमनं त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलंच – एकदा, आणि मग आणखी एकदा.

अण्णासोंच्या चांदीच्या कारखान्यात ती पोहोचली, आणि पाठोपाठ तोही दारात येऊन थांबला.

“माझ्या पाठीमागनं आलायसा व्हय?” ती फणकारली.

“न्हाई ओ. शिवाजी पेठेतल्या कॉम्प्युटर क्लासमधनं आलोय. प्रसेनजीत. तुमच्या प्रोग्रॅमची तक्रार हुती न्हवं?”

गादीवर वजनाच्या काट्याशेजारी बसलेले अण्णासो मोठ्यानं म्हणाले, “या पावणं, या! तुमचीच वाट बघतोय. तुमच्या त्या डब्यानं माझ्या कारखान्यात भांडणं लावलीत!”

भांडण खरंच झालं होतं. हुपरीत पैंजण घरोघरी होतात. बायका कारखान्यातून चांदी तोलून नेतात आणि पैंजण करून परत तोलून देतात. ती वजनं सोनम कॉम्प्युटरमध्ये भरायची. पण वजन विचारायला पडद्यावर एक छोटी चौकट उघडायची ती नेमकी मधोमध – नावांच्या यादीवरच. खालचं नाव झाकलं जायचं. एके दिवशी चिमणाबाईंचं वजन धोंडुबाईंच्या नावावर चढलं, आणि दोघी दारातच एकमेकींचा उद्धार करू लागल्या.

“ती चौकट मधीच का येऊन बसती?” सोनमनं विचारलं. “दुसरीकडं जागा न्हाय व्हय तिला?”

प्रसेनजीत खुर्चीत बसला. मघाचा संकोच गेला आणि आवाजात एकदम मऊपणा आला. शिकवायची आवड असलेल्या माणसाचं असंच होतं.

“घरात पावणं आलं, आणि बसा कुठं ते कुणी सांगितलंच न्हाई, तर ते काय करतील?”

“मधोमध बसतील. जाता येता सगळ्यांच्या पायात.”

“झालं की! ह्या इनपुट बॉक्सला काय विचारायचं ते मी सांगितलंय. वर नाव काय लिहायचं ते सांगितलंय. पण कुठं बसायचं ते सांगायचं राहिलं. म्हणून तो बसतोय मधोमध.”

“मग सांगा की.”

“दोन आकडे लागतात. डाव्या कडेपासनं किती लांब, आणि वरनं किती खाली. तुम्हीच घाला.”

सोनमनं पडद्यावर वीत ठेवून अंदाज घेतला, आणि ठसक्यात लिहिलं – दोन आणि एक. दोन इंच लांब, एक इंच खाली. चौकट थेट वरच्या कोपऱ्यात जाऊन चिकटली, शिक्षा केलेल्या पोरासारखी.

प्रसेनजीत हसला नाही, म्हणून तिला तो आवडला. त्यानं फूटपट्टी मागितली. “आपण इंचानं मोजतो. हा मोजतो ट्विपनं. एका इंचात चौदाशे चाळीस ट्विप असतात. म्हणजे तुमचे दोन ट्विप मोहरीच्या दाण्याएवढेसुदिक न्हाईत.”

“अगंबाई! सोनारापेक्षा बारीक मोजमाप हाय की ह्याचं.”

“म्हणून तर ते हुपरीत आणलं.”

त्या दिवशी चौकट डावीकडे वर, यादीला धक्का न लावता बसली. काम संपलं होतं. पण पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, “नीट चाललंय का बघायला.” मग यादी जरा खाली सरकवायला. मग अक्षरांचा रंग बदलायला. अण्णासो मिशीत हसायचे आणि चहा सांगायचे. सोनम आता त्याच्यासाठीही बसमध्ये जागा धरू लागली होती. स्वतःचा रुमाल एका बाकावर. आणि शेजारी, कुणी विचारलंच तर, तिची पिशवी.

तो शिकवायचा, ती शिकायची. पडद्यावरची अक्षरं लहानमोठी कशी करायची, प्रोग्रॅम अडला तर एस्केप कसं दाबायचं, सगळं. एकदा माऊस दाबल्यावर नुसतंच ‘टिंग’ वाजलं, तेव्हा तो म्हणाला, “हे ‘टिंग’ म्हणजे तक्रार हाय. कुठंतरी एक प्रश्न उघडा हाय. आधी त्याचं उत्तर दे, मग बाकीचं... असं म्हणतोय तो.” ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

“एक विचारू?” ती एकदा म्हणाली. “डावीकडं चौकट, खाली यादी. उजवीकडची एवढी जागा मोकळीच ठेवलीयंस. तिथं काय येणार?”

“ती राखीव हाय.”

“कुणासाठी?”

तो चष्मा पुसू लागला. “बघू...”

“ह्याला काय अर्थ हाय! रुमाल तरी टाक मग तिथं.”

तो हसला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे फार उघडे दिसत. तिनं पटकन यादीकडे मान वळवली. पण एकाही नावावर तिची नजर ठरली नाही.

ऊस गाळपाचे दिवस आले. बावड्यात साखर कारखान्याच्या धुराला गोडसर वास येऊ लागला. आणि एका संध्याकाळी दोन बातम्या एकदमच आल्या. प्रसेनजीतनं बसमध्ये सांगितलं, की पुण्यात नोकरी लागलीय, सोमवारी हजर व्हायचंय. आणि घरी आईनं, शालननं, भाकरी थापता थापता सांगितलं, की बुधवारी इचलकरंजीचं स्थळ बघायला येतंय.

“मुलगा चांगला हाय म्हणत्यात. सोमवारपर्यंत कळवायचं हाय.” शालननं तव्यावर भाकरी टाकली आणि वळून बघितलं. “तुझ्या मनात कोण हाय का? असंल तर आत्ताच सांग, बाई. मागनं रडायचं न्हाय.”

सोनम भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत राहिली. कोण आहे हे तिला माहीत होतं. पण त्याच्या मनात काय आहे? त्यानं तर कधी एक शब्दही... नुसत्या मोकळ्या जागेच्या भरवशावर आईला काय सांगायचं?

“सोमवारपर्यंत सांगते,” ती म्हणाली.

बुधवारी तिनं रजा घेतली. गुरुवारी कामावर आली, तर अण्णासो वैतागलेले. “काल तुझ्या जागी मी बसलो, आणि एक अक्षर दिसलं न्हाई मला! दिवसाचा हिशेब बंद करायचा तसाच राहिला. मुंग्या हायत का अक्षरं? ते कॉम्प्युटरचे मास्तर बी येऊन गेले काल. तू नव्हतीस. जरा वेळ खुटुखुटु केलं काहीतरी, आणि चहा बी न घेता गेले.”

सोनमचं मन खट्टू झालं. तिनं अण्णांसाठी पडद्याची अक्षरं मोठी करून दिली. त्यानंच शिकवलं होतं तसं, अगदी गादीवरून वाचता येतील एवढी मोठी. अण्णासो खूश झाले.

संध्याकाळी दिवस बंद करायचं बटण दाबलं, आणि पडदा अडला. काहीच हलेना. माऊस दाबला. टिंग. पुन्हा दाबला. टिंग. तिनं एस्केप दाबलं, प्रोग्रॅम मुकाट बंद झाला. शुक्रवारीही तसंच. तिचं मन थाऱ्यावर नव्हतं, नाहीतर...

शनिवारी दुपारी प्रसेनजीत आला. शेवटचा. आल्या आल्या खुर्चीत बसला, कुठलीशी फाईल उघडली, आणि ती वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. त्यानं फाईल मिटली.

“कसं झालं बुधवारचं?” त्यानं विचारलं. पडद्याकडेच बघत.

“झालं. पोहे खाऊन गेले.”

“बरं झालं.”

बरं झालं? सोनमला ते लागलं. पण ती एवढंच म्हणाली, “संध्याकाळी बंद करताना एक त्रास व्हतोय. दोन दिवस झालं.”

तो कसनुसा हसला. “व्हय. कळलं मला. काढून टाकतो मी ते. चुकलंच माझं... विचारायला नको हुतं.”

आता बघा, साधा प्रोग्रॅम अडला म्हणून कुणाचा आवाज असा ओला होतो का? सोनमनं त्याच्याकडे नीट बघितलं. त्याचा हात कीबोर्डकडे गेला, तसा तिनं तो मनगटाला धरून थांबवला.

“काय विचारायला?”

“सोनम, जाऊ दे...”

“काढायच्या आधी काय बिघडलंय ते बघायचं, असं कोण सांगत हुतं मला? सरक.”

तिनं स्वतः बटण दाबलं. पडदा अडला. माऊस दाबला – टिंग. आणि या वेळी तिचं मन थाऱ्यावर होतं. कुठंतरी एक प्रश्न उघडा हाय. आधी त्याचं उत्तर दे...

“प्रश्न कुठाय?” ती हळूच म्हणाली.

प्रसेनजीतही पुढे झुकून बघत होता. “इथं उजवीकडं असायला पाहिजे... अक्षरं एवढी मोठी कुणी केली?”

“मी केली! अण्णांना दिसत न्हवतं म्हणून.”

त्यानं कपाळावर हात मारला. “अगं, अक्षरं मोठी केली की पडद्यात जागा कमी मावती! मी दिलेली उजवीकडची जागा पार पडद्याच्या बाहेर गेली. बॉक्स उघडा हाय, पण भिंतीपलीकडं. आणि तू एस्केप दाबलंस, म्हणून मघाच्या फाईलीत कोरं उत्तर आलं. मला वाटलं...” तो थांबला. “मग तू... वाचलंच न्हाईस?”

“न्हाई.”

गादीवर काट्याचा आवाज थांबला होता. अण्णासो फारच लक्ष देऊन एक पैंजण न्याहाळत होते.

“बुधवारी तोंडानं विचारायला आलो हुतो,” प्रसेनजीत पुटपुटला. “तर अण्णा म्हणाले, तिला बघायला आलेत. मग धीर झाला न्हाई. म्हणून दिवस बंद करताना त्या राखीव जागेत प्रश्न उघडंल असं केलं... थांब, दाखवतो.”

“न्हाई.” तिनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला. “बॉक्स उघडा हाय न्हवं? कर्सर त्याच्यातच हाय?”

“हाय.”

“मग न बघता लिहिलेलं बी आत जाईल?”

त्यानं मान हलवली.

सोनमनं लिहिलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. ती पडद्याकडे बघतही नव्हती. “आता आण तुझ्या पावण्याला आत,” ती म्हणाली.

प्रसेनजीतनं चौकट सरकवायच्या दोन कळा एकदम दाबल्या, मग एक कळ, मग डाव्या बाणावर बोट ठेवलं. उजव्या कडेतून चौकट आत येऊ लागली, नव्या घरात पाऊल टाकावं तशी, जरा जरा सरकत. आधी तिची कड. मग इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी – ‘ही जागा तुझ्यासाठी राखून ठेवलीय. येशील?’

आणि खालच्या रिकाम्या पट्टीत, आधीच येऊन बसलेलं सोनमचं उत्तर – ‘व्हय’.

त्यानं चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना. तिनं आपला निळा रुमाल पुढे केला.

“प्रश्न न वाचताच उत्तर दिलंस? दुसरंच काय असतं तर?”

“दुसरं विचारायची टाप हुती का तुझी?”

“मला हितनं सगळं वाचता येतंय हं!” गादीवरून अण्णासो गरजले. “अक्षरं लई झ्याक मोठी केलीयंस, पोरी. आता त्ये ओके दाब की! का त्याला अजून बाहेरच उभा करतीस?”

सोनमनं एंटर दाबलं. ‘टिंग’ वाजलं नाही. दिवस नीट बंद झाला.

परतीची गाडी भरून आली. या वेळी सोनम दाराशीच थांबली. प्रसेनजीत खिडकीखाली धावला, टाचा उंचावल्या आणि तोच निळा रुमाल आत टाकला, दोघांच्या बाकावर. चढल्यावर ती खिडकीशी बसली. बावड्याच्या बाजूचं आभाळ तांबूस होत होतं.

“घरी काय सांगणार?” त्यानं विचारलं.

“आई भाकरी थापत असंल. तिला म्हणणार, सोमवारची वाट कशाला बघायची?” ती म्हणाली, आणि दोघांमधला रुमाल उचलून तिनं मुठीत धरला. आता त्या बाकावर जागा धरायची गरज नव्हती.