गोळीचं पाणी

ही गोष्ट माझ्यासोबत घडलेली आहे. ऐकीव नाही. खोटी वाटली तर वाटू दे, पण चहा पीत वाचत असाल तर कप आधी बाजूला ठेवा.

जुलै महिना. आमच्याकडे तेव्हा हिवाळा, कडाक्याची थंडी. साउथ ऑस्ट्रेलियात एलिस्टनच्या अलीकडे समुद्राच्या कड्यावर एक मोकळी जागा आहे, तिथे मी मुक्कामाला होते. दिवस मावळत होता.

मी ग्लेनिस. सगळा जन्म वायॅलाच्या एका शाळेत साफसफाई केली. पोरांच्या ओकाऱ्या, तुंबलेले संडास, बाकाखाली चिकटवलेला शेंबूड, सगळं या हातांनी काढलंय. त्यामुळे मला सहजासहजी किळस येत नाही. आणि साठी उलटली तरी माझे सगळे दात माझेच आहेत. हे लक्षात ठेवा.

नोकरी संपली आणि त्याच वर्षी घरमालकाने घर विकलं. दुसरं भाड्याचं घर काही मिळेना. मग होतं नव्हतं ते घालून एक व्हॅन घेतली. पूर्वी ती पावाची गाडी होती. क्लॅरी नावाच्या म्हाताऱ्याने आत पलंग, ओटा, सिंक स्वतः ठोकून बसवलं आणि तिचं फिरतं घर केलं. आणि एक रात्रही त्यात न झोपता तो गेला.

त्याची बायको नोरीन हिने किल्ली हातात दिली तेव्हा एवढंच म्हणाली, "फार जीव होता गं त्याचा हिच्यावर. नीट सांभाळ."

सांभाळणारच. मला दुसरं होतंच काय? ही गाडी गेली की मी रस्त्यावर.

सुरुवातीला चालवताना नुसती फे फे उडाली. शेजारून तीन डब्यांचा ट्रक गेला की व्हॅन आधी बाहेर ढकलली जायची, मग त्याच्याकडे ओढली जायची. समोरून येणारे स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ओळख द्यायचे, आणि मी मेली दोन्ही हातांनी चाक आवळून बसलेली. छपराच्या उंचीचा अंदाज नव्हता. एका बेकरीसमोरचं झाड मी अर्धं छाटलं.

हळूहळू हात बसला. मग कानही तयार झाले.

अशा गाडीत प्रत्येक आवाज ओळखावा लागतो. हा चमच्यांचा. हा गॅसच्या सिलिंडरचा. हा कपाटाच्या कडीचा. ज्याचा पत्ता लागत नाही, तो आवाज म्हणजे बिघाड.

माझ्या गाडीत सगळे आवाज ओळखीचे होते. आणि नळाच्या पाण्याला वास यायचा, एवढीच काय ती तक्रार.

स्ट्रीकी बे नावाच्या गावात नेव्ह भेटला. जुना ट्रक ड्रायव्हर, आता माझ्यासारखाच गाडीत राहणारा. सगळ्या बायकांना पोरी म्हणतो, मलासुद्धा. मी वासाचं सांगितलं तर हसला.

"अगं पोरी, कवळी धुवायच्या गोळ्या टाक टाकीत. आम्ही सगळे तेच करतो. पाणी कसं चकाचक!"

टाकी उघडून घासायला नको का, असं मी विचारलं. तो म्हणाला, तुझी टाकी पलंगाखाली आहे, पलंग कोण उचकटत बसणार? खरंच होतं ते. इथे कुणीच उचकटत नाही. मीही मूठभर गोळ्या पाणी भरायच्या नळीतून टाकल्या. फसफस ऐकू आली, पुदिन्याचा वास आला.

वास गेला. मी खूश. त्या पाण्याचा रोज मन भरून चहा प्यायला लागले.

मग तो आवाज सुरू झाला.

कट… कट…

पलंगाखालून. फक्त वळणावर.

मी स्क्रू आवळले, कप्पे रिकामे केले. काही सापडेना.

नंतर पंप. नळ सोडला की पंप घरघरतो, बंद केला की थांबतो. एरवी त्याने गप्प राहायचं असतं. एका संध्याकाळी मी पलंगावर बसून मोजे घालत होते. नळ बंद होता. आणि…

घर्र…

एक पेला भरेल एवढाच वेळ. मग शांत.

उठून पाहिलं. सिंक ओलं होतं. जाळीवर लाळेची जाड तार लोंबत होती. तिच्यात बिस्किटाचा भुगा.

मी बिस्किट खाल्लं नव्हतं. दार आतून बंद होतं.

शिसारी आली, पण हातमोजे चढवले आणि पुसलं. जन्मभर तेच केलं होतं ना.

कपाटातला आल्याच्या बिस्किटांचा पुडा काढला. वरची दोन-तीन बिस्किटं हाताला गिळगिळीत लागली. कडा विरघळल्या होत्या.

चावलेली नव्हती ती.

चघळलेली होती. हिरड्यांनी.

पुडा बाहेर भिरकावला. उंदीर असेल, असं स्वतःला दहादा सांगितलं. उंदीर काय चघळतो? पण माणूस घाबरला की स्वतःलाच असं फसवतो.

त्यानंतर आलं ते एलिस्टन. नेव्हही तिथेच होता. चहासाठी नळ सोडला तर पाण्याची नुसती करंगळीएवढी धार. तीही मध्येच तुटणारी. पंप ओरडतोय, पाणी नाही. पंप जळला तर खर्चात पडणार, म्हणून नेव्हला हाक मारली. दोघांनी मिळून पलंगाची फळी उचकटली, टाकीचं झाकण फिरवलं. नेव्हने आत बॅटरी मारली.

त्याने बॅटरी तशीच धरून ठेवली.

मी वाकले.

पाण्याच्या नळीच्या तोंडाशी… कवळी.

वरची आणि खालची. गुलाबी हिरड्यांवर शेवाळासारखा बुळबुळीत थर. दातांच्या फटींत बिस्किटाचा लगदा. त्या लगद्यातूनच माझं पाणी येत होतं. समोरचा एक दात अर्धा तुटलेला.

"ग्लेनिस," नेव्ह हळूच म्हणाला, "तू हेच पाणी…"

"पुढे बोलू नकोस," मी म्हटलं, आणि दाराबाहेर जाऊन भडाभडा ओकले. पोटात काही उरलं नाही तरी उमासे थांबेनात. जिभेवर ती पुदिन्याची चव तशीच होती. शर्टाच्या बाहीने जीभ पुसली मी.

मग तणतणत नोरीनला फोन लावला. म्हटलं, तुझ्या नवऱ्याची घाण टाकीत ठेवून गाडी विकलीस, लाज नाही वाटली?

तिने विचारलं, "समोरचा दात तुटलाय का?"

"हो."

"बिअरची बाटली उघडताना तोडला होता. ग्लेनिस, ती कवळी मी स्वतः त्याच्या तोंडात बसवली होती. शवपेटी बंद करायच्या आधी. या हातांनी."



"तू टाकीत काय टाकलंस?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

ती रडायला लागली. म्हणाली, रोज संध्याकाळी चहा झाला की तो कवळी काढून गोळीच्या पाण्यात टाकायचा. ती फसफस ऐकल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. जिथे गोळीचं पाणी, तिथे त्याचे दात.

नेव्हने चिमट्यात धरून ती कवळी कड्यावरून समुद्रात फेकली. बुडताना दोघांनी पाहिली. मी टाकी ब्लीच घालून घासली. नवं पाणी भरलं. एकही गोळी नाही.

दुसऱ्या दिवशी निघाले. पहिलंच वळण आलं…

कट… कट…

गाडी बाजूला घेतली. फळी उचलली. झाकण उघडलं.

तीच. तुटका दात समोर. फटींत ओला, ताजा भुगा.

मागून येणारा नेव्ह थांबला, म्हणाला, विकून टाक गं ही ब्याद. मी म्हटलं, विकून जाऊ कुठे?

मग मला सुचलं ते केलं. एक काचेचा पेला आणला. संध्याकाळी चहा झाल्यावर सिंकच्या कडेला ठेवला. पाणी भरलं, एक गोळी टाकली. फसफस झाली. मी पडदा ओढून पाठ फिरवून पडले. मागे काहीतरी पाण्यात पडलं.

डुबुक.

तेव्हापासून टाकी स्वच्छ आहे. सकाळी पेल्यात दात नसतात, फक्त गढूळ पाणी आणि तळाशी भुगा. मी हातमोजे घालून तो विसळते. रोज मळमळतं. रोज विसळते. घर टिकवायचं तर एवढं करावंच लागतं.

पण परवा सेडूना गावापर्यंत गाडी चालवून पाठ मोडली होती. आल्या आल्या अंथरुणावर पडले. पेला ठेवायचा विसरले.

सकाळी जाग आली ती जबडा दुखत होता म्हणून.

जिभेवर पुदिना. त्याखाली आल्याच्या बिस्किटाची शिळी चव. मी तोंड मिटायला गेले…

मिटेना.

माझ्या दातांवर दुसरे दात होते. जिभेने चाचपले. समोरचा एक अर्धा तुटलेला होता.

आता मी रोज दोन गोळ्या टाकते. आणि तोंडाला रुमाल बांधून झोपते.