हवेतला पुतण्या

“पोलिसांत द्या हिला, काका! आत्ताच्या आत्ता!” हेमंत नीळकंठबुवांकडे पाहून ओरडला, तशी मनोहररावांची मूठ आपोआप वळली.

भोपाळच्या शिवाजी नगरातल्या बुवांच्या घरात मंगळवारी संध्याकाळचे सात वाजून गेले होते. नीळकंठबुवा कीर्तनकारांच्या गुरूंच्या चिपळ्या काल रात्री नऊच्या आरतीच्या वेळी देव्हाऱ्यातून नाहीशा झाल्या. उद्याच्या रामनवमीला त्याच चिपळ्या देऊन बुवा आपली शिष्या पल्लवी हिला नारदाच्या गादीवर उभं करणार होते. छडा लावायला त्यांनी विनिता करमरकरला बोलावलं होतं, आणि तिच्याबरोबर नेहमीप्रमाणे तिचे मदतनीस मनोहरराव आले होते.

सहाला बुवांचा पुतण्या हेमंत अमेरिकेहून दारात हजर. मनोहररावांनी त्याची बॅग आत घेतली, तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं. “डॉलरची चिल्लर,” तो हसला. मग चोरीचं ऐकताच त्यानं पल्लवीची झोळी तपासायला लावली. एक चिपळी निघाली. दुसरीचा पत्ता नव्हता.

“काल आरतीला कुठं होतीस?” विनितानं विचारलं.

“करोंदला, घरी. बाबांना ताप होता.” पल्लवीचे डोळे कोरडे होते, आवाज मात्र कापत होता. “बुवा, रामाशपथ, मी हात लावला नाही.”

“मंडीतल्या हमालाची पोर! हिला गादी?” हेमंत म्हणाला.

“जीभ आवर!” मनोहरराव गरजले.

“आणि तुम्ही, हेमंत?” विनिता शांतच.

“मी? हवेत होतो, मॅडम! सोमवारी रात्री साडेआठला न्यूअर्कहून निघालो. पावणेबारा हजार किलोमीटर, चौदा तास. आज सकाळी साडेदहाला दिल्ली, तिथून सीधा भोपाळ. हिशेब करा ना.”

“केला. बुवा, पूर्वरंग झाला, आता आख्यान ऐका.” विनितानं चहाची कपबशी खाली ठेवली. “चौदा तास खरेच. नेटवर तेवढंच लिहिलेलं असतं. पण न्यूअर्कचे रात्रीचे साडेआठ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट, सहा वाजलेले. मनोहरकाका, सहात चौदा मिळवा.”

“वीस. रात्रीचे आठ.” मनोहररावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात वीस. “अहो, म्हणजे ते विमान अजून...”

“हवेत आहे. आणि प्रवासी इथं सतरंजीवर! एकदा जरी गेला असता, तरी घड्याळ साडेनऊ तास पुढं करायला विसरला नसता.”

हेमंतचा चेहरा उतरला. “व्हिसा नाही मिळाला. इथंच भोपाळात, अवधपुरीत दोस्ताकडे होतो. पण म्हणून मी चोर?”

“आल्या आल्या तुम्ही पल्लवीच्या झोळीशेजारी बसलात, मग ती तपासायचं तुम्हालाच कसं सुचलं? मनोहरकाका, ती बॅग जरा हलवा.”

खुळ्ळ!

ही चिल्लर नव्हे, हे आता मनोहररावांनाही कळलं. त्यांनी रागानंच चेन ओढली. शर्टांच्या घडीत दुसरी चिपळी होती.

“गादी आपल्या घरातच राहायला हवी होती, काका...” हेमंत बुवांना म्हणाला.

बुवा उठले. आयुष्यभर रामकथा सांगितलेला तो आवाज फाटला.

“घराची नाही रे, नारदाची आहे ती! निर्दोष पोरीला तुरुंगात धाडायला निघालास? तुझं विमान दिल्लीला टेकायला चाळीस मिनिटं आहेत. त्याच्या आत माझ्या उंबऱ्याबाहेर हो!”

मग दोन्ही चिपळ्या त्यांनी पल्लवीच्या हातात ठेवल्या.

“रडायचं ते आत्ता रडून घे, पोरी. उद्या गळा मोकळा लागेल.”