सात नंबरची मदतपेटी

काम साधं होतं. एक पेटी भिंतीवरून काढायची, गाडीत टाकायची आणि घरी यायचं. बायकोला म्हणालोसुद्धा, जेवायला घरीच आहे. ती म्हणाली, "तुझी सगळी स्टेशनं ठीक असतात, आपल्या मोरीतला नळ तेवढा गळतोय वर्षभर." मी हसलो आणि निघालो.

आमच्या रेल्वेच्या फाट्यावर अकरा स्टेशनं होती. एकावरही माणूस नाही. तिकीटखिडकी नाही, हमाल नाही, झाडूवालाही महिन्यातून दोनदा. फलाट, चार दिवे, वेळापत्रकाची पाटी, आणि पुढच्या बाजूने काच लावलेली बसायची एक खोली. देखभालीला अकराही स्टेशनांना मिळून मी एकटा. नावं कोण लक्षात ठेवतो, आम्ही नंबरानंच बोलायचो. सात नंबर सगळ्यांत आडबाजूला. एका बाजूला खाणीचा खड्डा, दुसऱ्या बाजूला नुसतं गवत. जवळचं घर चालत पाऊण तासावर.

खोलीचं कुलूप वेळेवर चालायचं. संध्याकाळी साडेसहाला आतली मोटर फिरायची आणि लोखंडी अडसर चौकटीत जायचा; शेवटच्या सात चाळीसच्या गाडीसाठी फलाटावरच थांबायचं. आत कोणी राहिलंच, तर दाराजवळ हिरवं बटण होतं. दाबलं की दार उघडायचं. तेही नाही चाललं तर भिंतीवर मदतपेटी. तिचं लाल बटण दाबून धरायचं, पलीकडून कंट्रोलरूममधल्या ताई बोलायच्या. दर महिन्याला हे सगळं तपासून कागदावर "ठीक" लिहायचं, ही माझी नोकरी.

आता जे सांगतोय, ते तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात, महिन्याच्या बारा तारखेला, मी सात नंबरला गेलो खरा, पण गाडीतून उतरलो नाही. सर्दीनं डोकं फुटत होतं. काच खाली केली, चारही दिवे लागलेले पाहिले, आणि मांडीवर कागद ठेवून वरपासून खालपर्यंत "ठीक" लिहीत गेलो. दिवे ठीक. बाक ठीक. हिरवं बटण ठीक. मदतपेटी ठीक. दोन मिनिटांचं काम.

चौदा तारखेला एक म्हातारी बाई त्या खोलीत अडकली. शेवटची गाडी रद्द झाली होती, तिला कळलं नव्हतं. साडेसहाला अडसर पडला. हिरव्या बटणाचा आणि पेटीचा फ्यूज एकच, तो उडालेला. सकाळच्या गाडीच्या गार्डला ती सापडली तेव्हा सगळं संपलं होतं. थंडीनं गेली, असं डॉक्टरांनी लिहिलं. आणखी एक ओळ होती त्यांच्या कागदात. उजव्या हाताचा अंगठा सुजून काळानिळा झाला होता.

चौकशी झाली. साहेबांनी माझा कागद पुढे ठेवला. बारा तारखेला सगळं ठीक होतं, म्हणजे फ्यूज नंतर उडाला. दोष कुणाचाच नाही. साहेबांनी पाठीवर थाप मारून वर म्हटलं, "कागद जपून ठेवतोस म्हणून वाचलास गड्या." मी मान डोलावली. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

तीन महिन्यांनी हुकूम आला. सगळीकडे नव्या पेट्या बसणार, जुन्या काढून आणा. दहा स्टेशनं उरकली. सात नंबर मी शेवटी ठेवलं होतं. का, ते तुम्हीच समजा.

पोचायला सव्वासहा झाले. धुकं उतरायला लागलं होतं. फलाटाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं, खाणीच्या खड्ड्यातून ओल्या दगडाचा वास येत होता. मी आधी बाहेरच्या फळीवरचा मेन स्विच खाली ओढला. खोलीची वीज पूर्ण बंद. हत्यारांची पिशवी आणि फोन बाहेरच्या बाकावर ठेवला, स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन आत शिरलो, आणि पायानं दार लोटलं. गार वारा येत होता म्हणून, दुसरं काही नाही.

आत वास होता... कपड्यांच्या पेटीत असतो तसा, डांबराच्या गोळ्यांचा. म्हटलं, कुणी प्रवासी बसून गेला असेल. पेटीचं झाकण काढलं. आतल्या दोन तारा सोडवल्या, टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. लाल बटणाचा रंग मधोमध उडून खालचं पांढरं प्लास्टिक दिसत होतं. अंगठ्याएवढं. मी तिकडे बघायचं टाळत भिंतीवरचे स्क्रू काढायला लागलो. तिसरा निघाला आणि मागे आवाज झाला.

कर्र... खट्.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. अडसर पडला होता.

आधी मला घड्याळच आठवलं. साडेसहा झाले असतील. मग आठवलं, वीज मी स्वतः बंद केलीय. मोटर फिरल्याशिवाय तो अडसर सूतभरही हलत नाही. मी दार ओढलं. हललं नाही. हिरवं बटण दाबलं. वीजच नव्हती, ते काय करणार. काचेवर मुठी आपटल्या. ती काच फुटू नये म्हणून मीच जाड बसवून घेतली होती. चार पावलांवर, बाहेरच्या बाकावर, माझा फोन उजळला. घरून फोन येत होता. उजेड थरथरत राहिला, आणि विझला.

गाडी सात चाळीसला. म्हणजे तासाभराचा प्रश्न, मी स्वतःला समजावलं. तासभर बसायचं. पण बाकावर बसवेना. ती कुठल्या बाकावर बसली असेल, हेच डोक्यात. दोन्ही बाकांच्या मधे उभा राहिलो. टॉर्चचा उजेड पिवळा पडत चालला. बाहेर धुकं काचेला येऊन टेकलं.

माणूस घाबरला की हात आपोआप चालतो. मी पेटीचं लाल बटण दाबलं. तारा सुटलेल्या, डोळ्यांसमोर लोंबतायत, आणि तरी मी दाबून धरलं.

पेटीतून खरखर आली.

"कोण आहे?"

बाईचा आवाज. वयस्कर, हळू. कंट्रोलरूममधल्या तिघीही ताई मला आवाजानं माहीत होत्या. ही त्यांतली नव्हती.

"मी... दुरुस्तीवाला. सात नंबरवरून. दार अडकलंय. गाडीच्या गार्डला कळवाल का?"

"आत आहात?"

"हो, आतच आहे. तुम्ही कंट्रोलमधूनच बोलताय ना, ताई?"

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"इतकं जोरात दाबू नका. अंगठा दुखतो."

मी हात झटकन मागे घेतला. बटण सुटलं तर आवाज तुटायला हवा. तुटला नाही.

"हे तपासलं कधी होतं हो?"

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "बारा तारखेला."

पुन्हा, त्याच सुरात, "तपासलं कधी होतं?"

"बारा तारखेला... कागदावर आहे तसं."

"तपासलं... कधी होतं?"

मी भिंतीला पाठ टेकली आणि तीन महिने दाबून ठेवलेलं बाहेर आलं. "नाही तपासलं. मी उतरलोच नव्हतो गाडीतून. गाडीत बसून लिहिलं सगळं. चुकलो हो मी... चुकलो."

पेटीतून लांब श्वास सोडल्यासारखा आवाज आला. डांबरगोळ्यांचा वास इतका वाढला की डोळे चुरचुरले. मग ती म्हणाली, अगदी मायेनं म्हणाली,

"मी येऊ का उघडायला?"

"नको," मी म्हणालो. "नको... नको."

पेटी गप्प झाली. आणि फलाटाच्या न दिसणाऱ्या टोकाकडून खडीवर पावलं वाजायला लागली. सावकाश. एक पाऊल ओढत. काचेशी येऊन थांबली. मला बाहेर धुक्याशिवाय काही दिसलं नाही. पण दाराची मूठ मला दिसत होती. ती खाली जायला लागली. मी धावलो आणि दोन्ही हातांनी ती वर धरून ठेवली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. पलीकडून झटका नव्हता, घाई नव्हती. नुसता भार होता, कुणी त्यावर हात विसावल्यासारखा.

मग एकदम सगळीकडे उजेड झाला, ब्रेक किंचाळले, आणि कोणीतरी काचेवर जोरात थापा मारल्या. गार्ड होता.

"अहो, सोडा ना मूठ! दार उघडंच आहे, तुम्हीच आतून धरून ठेवलंय!"

मी हात सोडले. दार अलगद उघडलं. अडसर चौकटीत नव्हता. गार्डनं मला बाकावर बसवून पाणी पाजलं. माझी बोटं सरळ व्हायला वेळ लागला. त्यानं मेन स्विच बघितला, लोंबणाऱ्या तारा बघितल्या, आणि मला गार्डच्या डब्यात चढवलं.

दुसऱ्याच दिवशी मी साहेबांना लिहून दिलं. बारा तारखेला तपासणी केली नव्हती, कागद खोटा आहे. साहेब डोक्याला हात लावून बसले. "अरे, मिटलेलं प्रकरण उकरतोस?" नोकरी गेली, चौकशी पुन्हा उघडली. आता मी मेहुण्याच्या दुकानात पंखे दुरुस्त करतो. बायको एकदाच बोलली, "बरं केलंस." मोरीतला नळही मी बदलला.

पण एक काम राहिलं होतं. त्या बाईच्या मुलीला तोंडानं सांगायचं होतं. ती शाळेत शिकवते. एका रविवारी दुपारी गेलो. दोन खोल्यांचं घर, टेबलावर वह्यांचा ढीग. तिनं सगळं ऐकून घेतलं. ओरडेल, हाकलून देईल असं वाटलं होतं. ती रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही आलात तरी. बाकी कोणी आलं नाही."

म्हणून मला धीर आला आणि मी त्या संध्याकाळचंही सांगितलं. पेटीचं, आवाजाचं. "तुमच्या आई रागावल्या नाहीत हो," मी म्हटलं. "अगदी मायेनं बोलल्या."

तिचा हात वहीवर थांबला.

"बोलली? आई?"

"हो. हळू, पण स्पष्ट."

मग उठून तिनं दाराला कडी घातली.

"माझ्या आईच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. नऊ वर्षं तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. सगळं लिहून सांगायची. ओरडता येत नव्हतं, म्हणून तर ती रात्रभर ते बटण दाबत बसली असणार." तिचा आवाज एकदम खाली गेला. "मग तुमच्याशी बोललं... ते कोण होतं?"